दाभणानं टोचलेलं आभाळ

अकोल्याच्या फुलबाजारात माणिकबाई निलखन ज्या ओट्यावर बसायची, त्याच्या समोर एका घड्याळजीचं दुकान होतं. भिंतभर घड्याळं टिकटिकत, पण बाईला वेळ विचारली तर ती तिकडे ढुंकूनही बघायची नाही. दिवसा ती ओट्याच्या सावलीकडे बघायची आणि अंधारातली वेळ सांगायची झाली तर मान वर करायची. घड्याळजी चिडायचा. त्याची चार घड्याळं चार वेळा दाखवतात, आभाळ एकच दाखवतं, एवढं बोलून ती पुन्हा मोगऱ्याच्या कळ्यांत बोटं घालायची.

ही सवय पातूरची. पातूरला डोंगराच्या पायथ्याशी निलखनांचा तीन एकरांचा मळा होता. एक विहीर, मोटेचे दोन बैल, अर्धा एकर मोगरा आणि बाकी शेवंती, वांगी, मेथी. या घरात ती सून म्हणून आली तेव्हा तिला पदर सावरता येत नव्हता. घरात घड्याळ नव्हतं, आणि मोगऱ्याची कळी तर ऊन पडायच्या आत खुडावी लागते. उन्हात ती उमलते आणि उमललेल्या मोगऱ्याला बाजारात कुत्रं विचारत नाही. म्हणून सासरे नत्थुजी अंधारातच अंगणात उभे राहून दक्षिणेकडे बघत. वैशाखातल्या पहाटे तिकडे चांदण्यांचा विंचू असतो. त्याच्या छातीत तांबडी ज्येष्ठा, डोकं मावळतीकडे झुकलेलं आणि नांगी डाव्या हाताला वळलेली. अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणाला ती नांगी मळ्यातल्या चिंचेच्या शेंड्यावर आली की टोपल्या उचलायच्या. पंधरा दिवसांनी त्याच वेळेला नांगी चिंच सोडून आंब्यावर गेलेली असायची. आभाळ रोज थोडं थोडं पुढे सरकतं. ते सरकणं ज्याला कळलं त्याला मळा कळला, असं नत्थुजी म्हणत.

त्यांचा मुलगा भगवंता कामाला वाघ होता, पण झोपेला त्याहून मोठा. कानाशी ढोल वाजवला तरी त्याला पहाट कळायची नाही. म्हणून नत्थुजींनी आभाळ शिकवलं ते सुनेला. हाताची बोटं लांबवून चांदणीपासून चांदणीपर्यंतचं अंतर कसं मोजायचं, कोणती चांदणी डोळे मिचकावते आणि कोणती शांत असते, उत्तरेकडे सप्तर्षींच्या खाटल्यामागं तीन चोर कसे लागलेत, सगळं. सासरा सुनेशी फार बोलत नसे असा तो काळ. पण त्या अंधारात दोघं मळ्याच्या बांधावर उभी राहून चांदण्यांविषयी बोलायची, आणि उजाडलं की तो सासरा व्हायचा, ती सून व्हायची.

सन एकोणपन्नासच्या भादव्यात भगवंता मुदतीच्या तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. वर्षभरानं माणिकबाईनं ठरवलं की अकोल्याला जाऊन फुलांचा धंदा करायचा. गजरे, हार, लग्नातल्या जाळ्या, दर्ग्याच्या चादरी, हे तिच्या बोटांत होतं. नत्थुजींना ते पटलं नाही. घरची सून रस्त्यावर बसून हार विकणार याचा राग होताच, पण ती गाडीत बसताना ते बोलले ते वेगळंच होतं.

"शहरात घड्याळं हायेत. चार वर्सांत तू आभाय विसरशीन, सूनबाई. अन् आभाय विसरली त् आमी बी विसरलो."

त्यानंतर नऊ वर्षं ते तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. महिन्यातून दोनदा वांग्याची पोती घेऊन अकोल्याला यायचे, पण फुलबाजाराच्या गल्लीला वळसा घालून जायचे. तिला ते कळायचं. नत्थुजी येऊन गेले, असं वांगी विकणाऱ्या बाया तिला सांगायच्या. ती ऐकून फुलांवर पाणी शिंपडायची. पण रात्री कौलांच्या दोन उतारांमध्ये दिसणारा आभाळाचा चिंचोळा पट्टा बघून ती मनाशी अखजीची पहाट जुळवून पाहायची. जुळली म्हणजे झोप लागायची.

साठ सालच्या संक्रांतीनंतरची गोष्ट. गावातल्या हौशी नाट्यमंडळाचं एक ऐतिहासिक नाटक बसत होतं. मंडळाचे अध्यक्ष मोरोपंत वकील आणि पडदे रंगवणारे शाळेतले चित्रकलेचे रविकांत मास्तर. माणिकबाई हारांचं माप घ्यायला नाट्यगृहात गेली तेव्हा मास्तर किल्ल्यावरच्या पहाटेच्या प्रवेशासाठी नवा पडदा रंगवून उभे होते. निळ्या कापडावर चंदेरी रंगाच्या पाच टोकांच्या चांदण्या, सगळ्या सारख्या, सगळ्या वीतभर अंतरावर. मास्तरांनी कौतुकानं विचारलं की कसा झालाय.

माणिकबाईनं खालून वरपर्यंत पाहिलं. "चांगला हाय जी. पन आभायात वाफे पाडून शेवंती लावल्यावानी दिसते."

पेटी वाजवणारा फस्सकन हसला. मास्तरांचे कान लाल झाले. त्यांनी विचारलं की मग आभाळात चांदण्या असतात तरी कशा, सांगाल का. टोमणाच होता तो. पण माणिकबाईनं त्याला प्रश्न समजून उत्तर दिलं. कोणता महिना आणि कोणता प्रहर ते आधी सांगा, म्हणाली, म्हणजे सांगते. नाटकात वैशाखातली पहाट होती. मग तिनं फुलांच्या टोपलीतली तुळशीची मंजिरी घेतली आणि रंगमंचाच्या फळ्यांवर एकेक दाणा ठेवत विंचू मांडला. ज्येष्ठेच्या जागी गुलाबाची पाकळी ठेवली. मास्तर बराच वेळ उकिडवे बसून ते बघत राहिले. माणूस मानी होता, पण खोटा नव्हता. उठताना म्हणाले, "बाई, तुम्हीच करा हा पडदा."

नवा पडदा रंगाचा नव्हता. मांजरपाटाचे दोन थर चिंचोक्याच्या खळीनं एकमेकांना चिकटवले आणि रंगाऱ्याच्या भट्टीत बुडवून काढले. दोन्ही बाजूंनी सारखेच काळेनिळे. त्यात भोकं पाडायची आणि मागून विजेचे दिवे लावायचे. कापड भोकांपासून फाटू नये म्हणून ते मागच्या बाजूनं टोचावं असं मास्तरांनी सुचवलं. माणिकबाईला ते सोयीचंच होतं. फुलांची जाळी विणताना फुलांची तोंडं जमिनीकडे असतात आणि गाठी विणणारीकडे. बघणारा पलीकडून बघणार, म्हणून डावं ते उजवीकडे धरायचं, हे तिच्या बोटांना न सांगता कळायचं.

बावीस दिवस ती दुपारची तिथे बसली. मोठ्या चांदण्यांना बारदान शिवायचं दाभण, मधल्यांना गोधडीची सुई आणि अगदी बारीक चांदण्यांना गजऱ्याची. ज्येष्ठेच्या भोकामागं तिनं लाल पतंगाचा कागद चिकटवला. आकाशगंगेला आठ दिवस गेले. तिथे सुई नुसती टेकवायची, कापडाचा श्वास तेवढा मोकळा होईल इतकीच. कुठे गर्दी, कुठे अंधाराची खळगी. मास्तर म्हणाले की इथे थोड्या जास्त घाला, मोकळं दिसतंय. ती म्हणाली की तिथे मोकळंच आहे, तिथे देवानं काही ठेवलं नाही तर मी कुठून ठेवू.

पडदा पुरा होत आला तेव्हा तिनं पातूरला निरोप धाडला. नऊ वर्षांतला पहिला. वांगी विकणाऱ्या सुंदराबाईकडून. माणिकनं अखजीचं आभाळ केलंय, आणि ते बरोबर आहे की चूक ते सांगायला दुसरं कोणी नाही, एवढंच. या आधी तिनं कधी कोणाला काही मागितलं नव्हतं. निरोप धाडल्यापासून तिचं जेवणावर लक्ष नव्हतं. सुंदराबाईनं परत येऊन सांगितलं की म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं आणि बैलाला पाणी पाजायला निघून गेला.

पण तो आला. नाटकाच्या दिवशी बायकांच्या बाजूला सतरंजीवर बसलेल्या माणिकबाईला पुरुषांच्या गर्दीत पांढरा फेटा दिसला, दोन गुडघ्यांमध्ये काठी धरलेला. ती तीन अंक बसली, पण नाटकात कोण काय बोललं ते तिला नंतर आठवत नव्हतं. चौथ्या अंकात अंधार झाला. किल्ल्याच्या तटावर एक पहारेकरी येऊन बसला आणि मागचे दिवे हळूहळू उजळले.

सभागृहातून असा आवाज आला, जसा उन्हाळ्यात पहिल्या वाऱ्याबरोबर झाडांतून येतो. नंतर टाळ्या. बाया तोंडावर हात ठेवून बघत होत्या. माणिकबाईलाही एका श्वासापुरता आनंद झाला. आणि मग तिला दिसलं की विंचवाची नांगी उजवीकडे वळली आहे. डोकं उगवतीकडे. आकाशगंगा भलत्या खांद्यावर. सगळं आभाळ आरशात पाहिल्यासारखं उलटं.

तिला वाटलं आपलीच नजर फिरली. तिनं डोळे मिटून उघडले. नांगी उजवीकडेच होती. तेवढ्यात पुरुषांच्या बाजूनं, पहारेकऱ्याच्या शांत स्वगतात, एक म्हातारा आवाज ऐकू आला, कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा असतो तसा मोठा.

"नांगी इकडं काहून? हे कोनाचं आभाय होय?"

लोक हसले. कोणीतरी म्हाताऱ्याला गप्प बसवलं. माणिकबाईनं पदर तोंडावर घेतला.

नाटक संपलं, पण तिची सुटका झाली नाही. मोरोपंत वकिलांनी रंगमंचावरून रविकांत मास्तरांचं कौतुक केलं आणि मग तिचं नाव पुकारलं. शाल-नारळ घ्यायला तिला वर जावं लागलं. मागे तेच उलटं आभाळ झगमगत होतं. नारळ हातात घेऊन तिनं समोर पाहिलं तेव्हा पांढरा फेटा दरवाजातून बाहेर पडत होता.

सकाळी फुलं तशीच ओल्या फडक्यात ठेवून ती मास्तरांच्या घरी गेली. तिनं फक्त विचारलं की पडदा टांगताना कोण होतं. मास्तरांनी आनंदानं सांगितलं की मीच होतो, आणि माझ्यामुळेच घोटाळा टळला. तुम्ही मागच्या बाजूनं टोचलं, म्हणजे जे तुम्हाला सरळ दिसलं ते लोकांना उलटं दिसणार, हे माझ्या ऐन वेळी ध्यानात आलं. म्हणून चार माणसं लावून पडदा फिरवला. मागची बाजू पुढं केली.

माणिकबाई उंबऱ्यावर टेकली.

"मास्तर," ती म्हणाली, "माझा जलम उलटं विनन्यात गेला. म्या आधीच उलटं केलतं."

मास्तरांना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ते ओसरीवर मटकन बसले. पडदा आज फिरवतो म्हणाले, शिवरात्रीला अमरावतीच्या स्पर्धेत सरळच लागेल म्हणाले. पण माणिकबाईला अमरावतीचं काय. तिचं आभाळ बघणारा दहाच्या गाडीनं पातूरला निघणार होता. रात्री गाडी नव्हती म्हणून तो धर्मशाळेत राहिला होता एवढंच तिचं नशीब. मास्तरांना नाट्यगृहाची किल्ली घेऊन यायला सांगून ती निघाली.

मोटार स्टँडवर नत्थुजी रिकाम्या पोत्याची घडी घालून तिच्यावर बसले होते. ती समोर उभी राहिली. त्यांनी मान दुसरीकडे वळवली. नऊ वर्षांत म्हातारा वाळला होता, कानाच्या पाळ्या तेवढ्या मोठ्या झाल्या होत्या. ती रडली नाही, पायाही पडली नाही. मास्तरांनी काय केलं ते तिनं सांगितलं. पडदा अजून तसाच टांगलाय, आणि पलीकडून पाहिला तर सरळ दिसेल.

"विसरली असन तं विसरली म्हना, मामाजी. पन पल्याडून पाहून म्हना."

शेंगदाणेवाला येऊन गेला. मग त्यांनी गाडीकडे पाहिलं.

"गाडी जाईन," ते म्हणाले.

"बाराची हाय दुसरी."

त्यांनी काठी टेकली आणि उठले. ती पुढे, ते दहा पावलं मागे, असे दोघं बाजारातून गेले. फुलबाजाराच्या गल्लीतून. वांगीवाल्या बायांनी ते पाहिलं आणि त्यांच्या तागड्या हातातच राहिल्या.

नाट्यगृहात मास्तर आधीच येऊन थांबले होते. चार माणसं बोलावून पडदा फिरवतो म्हणाले, पण माणिकबाईला तेवढा धीर नव्हता. तिनं सभागृहाचे पुढचे सगळे दरवाजे उघडायला सांगितले आणि मागच्या खिडक्या लावून घेतल्या. पूर्वेचं कोवळं ऊन रिकाम्या सतरंज्यांवर पसरलं. मग ती सासऱ्यांना घेऊन पडद्यामागे गेली. तिथे गच्च अंधार होता, दोरांचा आणि खळीचा वास होता. दोघं मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. म्हातारा धापत होता. आधी काहीच दिसलं नाही. डोळे अंधाराला सरावले तशी एक चांदणी आली, मग चार, मग ती तांबडी, आणि मग पुढच्या उजेडानं सगळं आभाळ त्यांच्या अंगावर उतरलं. सकाळच्या नऊ वाजता, भर अकोल्यात. नांगी डाव्या हाताला.

मास्तर पडद्याच्या कडेला उभे होते. ते पुढे कितीतरी वर्षं सांगत की म्हाताऱ्यानं फेटा काढून हातात घेतला, आणि असं फेटा काढणं आपण देवळातही पाहिलं नाही.

नत्थुजींनी काठी उचलली. ती हवेत ज्येष्ठेपासून सरकत सरकत नांगीवर आली. तिथून खाली, काळ्या कापडावर जिथे काहीच नव्हतं तिथे थांबली.

"इथं चिच," ते म्हणाले. "शेंड्यावर हाय. अखजी होय ही."

माणिकबाईनं भिंत सोडली आणि ती एक पाऊल पुढे आली.

ते पुढे गेले. आकाशगंगेपाशी थांबून मान हलवली. अंधाराच्या खळग्या मोजल्यासारख्या बघितल्या. खाटलं उत्तरेकडचं, ते या पडद्यावर नव्हतं, तरी त्यांनी सवयीनं पाठीमागे वळून एकदा पाहून घेतलं. मग पुन्हा नांगीकडे आले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. ती वाट पाहत होती. काहीतरी चुकलं आहे हे तिला त्यांच्या पाठीवरूनच कळलं. मळ्यातही असंच व्हायचं.

"नांगीच्या टोकाले दोन चांदन्या असतेत. जोडीच्या. एक मोठी, एक लहान, खेटून. तू एकच टोचली."

तिनं डोळे मिटले आणि बांधावरचं आभाळ आठवून पाहिलं. दोन होत्या. भगवंता असताना कितीदा पाहिल्या होत्या. कशी विसरली ते तिला सांगता येईना. नऊ वर्षं रोज रात्री जुळवलेल्या आभाळात एकच होती, आणि तीच तिला पुरी वाटत आली होती.

"विसरली," ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं हात पुढे केला. "सुई दे."

तिच्या पदराला नेहमी एक सुई टोचलेली असायची. ती त्यांनी घेतली. पण त्यांना लांबचं स्वच्छ दिसायचं, जवळचं सगळं धूसर. कापडाशी गेले आणि चांदण्या हरवल्या. सुई इकडेतिकडे चाचपडायला लागली. माणिकबाई जवळ गेली. नांगी पडद्याच्या खालच्या अंगाला, हाताच्या उंचीवर होती. तिनं तिथल्या एकट्या चांदणीवर बोट ठेवलं. त्यांनी आपल्या डाव्या हातानं तिचं बोट चाचपलं, त्याच्या शेजारी सुई टेकवली आणि दाबली. दोन थरांचं खळ दिलेलं कापड होतं, म्हाताऱ्या हाताला जोर लागला. सुई गेली ती जरा तिरपी आणि जरा जास्तच आत.

बारा वाजताची गाडीही गेली. नत्थुजी माणिकबाईच्या ओट्यावर बसून भाकर-ठेचा जेवले आणि समोरच्या घड्याळजीशी मोगऱ्याच्या भावावरून भांडले. साडेतीनच्या गाडीनं ते पातूरला गेले. पुढे सात वर्षं जगले. त्या सात वर्षांत मोगऱ्याच्या हंगामात कळ्यांची पहिली टोपली फुलबाजाराच्या गल्लीत यायची, ओल्या केळीच्या पानात बांधून, आणि आणणारा निरोप सांगायचा. निरोपात मायेचं काही नसायचं. नांगी आंब्यावर गेली, एवढंच असायचं.

शिवरात्रीला नाटक अमरावतीला झालं. या खेपेला पडदा सरळ लागला. रविकांत मास्तरांनी तो स्वतः तीनदा तपासला, आणि तरीही टांगताना माणिकबाईला शेजारी उभं केलं. चौथ्या अंकात आभाळ उजळलं तेव्हा अमरावतीच्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या, अकोल्याएवढ्याच. उलट्या आभाळाला जेवढ्या, तेवढ्याच सरळ आभाळाला. बक्षीस दुसऱ्याच मंडळाला गेलं. मास्तरांना वाईट वाटलं. माणिकबाई पहिल्या रांगेत बसून नांगीकडे बघत होती. तिथे आता दोन चांदण्या होत्या. खरं म्हणजे दुसरी लहान हवी, मंद हवी. पण तिरप्या सुईनं भोक फाटलं होतं आणि ती पहिलीहून मोठी, डोळ्यात भरेल अशी झाली होती. आभाळात तशी नाही. दुरुस्ती सोपी होती, मागून कागदाचा बारीक तुकडा चिकटवला असता की भागलं असतं.

मास्तर दोनदा तो तुकडा घेऊन आले. माणिकबाईनं लावू दिला नाही.